बिनआवाजाची गाडी

वैशाख लागला की आमच्या मनीषनगरात सकाळी साडेसहालाच पाण्याचे पाइप सुरू होतात. एकेका गॅलरीतल्या कूलरच्या टाकीत पाणी पडू लागतं. आधी पत्र्यावर पडल्यासारखं खणखणीत, मग टाकी भरत जाते तसं जाड आणि खोल. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या मला कळतं, कोणाची टाकी भरत आली आणि कोण पाइप तसाच सोडून चहा ठेवायला गेलं. मग पंप चालू होतात, खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या भिजतात आणि त्यांचा तो ओला, मातकट गारवा जिन्यातून वर चढतो. यंदाही चढला. उन्हाळा म्हटलं की नागपूरचा माणूस तक्रार करतो, मीही साठ वर्षं केली. पण तीन वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा मात्र मी जपून ठेवला आहे. त्या उन्हाळ्यात मी टॅक्सीत बसायला शिकले.

हे वाचून कोणी हसेल. टॅक्सीत बसायला काय शिकायचं? दार उघडायचं आणि बसायचं. पण त्यासाठी टॅक्सी दिसावी लागते.

मी भूगोल शिकवायची. धरमपेठेतल्या मुलींच्या एका शाळेत माझी एकतीस वर्षं गेली. काचबिंदूनं माझी नजर कडेकडेनं खाल्ली, बांधावरून पाणी शेत खातं तशी. शाळेतल्या शेवटच्या तीन वर्षांत मी फळ्यावर नकाशा टांगायची आणि त्याच्याकडे पाठ करून, न बघता नर्मदेवर बोट ठेवायची. मुलींना वाटायचं, बाईंना सगळं पाठ आहे. पाठ होतंच, पण दुसरा इलाजही नव्हता. निवृत्तीनंतर उरलेली नजरही गेली. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तेही खूप असतं.

हे होते तोवर मला काही वाटलं नाही. यांच्या स्कूटरवर मागे बसून मी सगळं गाव फिरत होते. हे चालवता चालवता सांगायचे, डावीकडे टरबुजांचा डोंगर लागलाय, सिग्नलवर तीन पोरी तोंडाला दुपट्टे बांधून दरोडेखोरांसारख्या उभ्या आहेत. त्यांच्या पाठीआडून मी शहर ऐकत होते. एका दिवाळीनंतर ते गेले. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही. स्कूटर विकली, आणि शहर त्या दिवसापासून माझ्या दाराबाहेर थांबलं. मी खाली उतरेनाशी झाले. भाजी वर येत होती, दूध वर येत होतं, औषधं वर येत होती.

माझी मुलगी मृणाल पुण्याला असते. ती रोज फोन करते आणि त्या काळात तिचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा. "आई, जूनमध्ये तुला इकडे घेऊन येते. तुझी सगळी सोय होईल." तिचं मन मला कळत होतं. एकटी आई, तीही डोळ्यांनी न दिसणारी, आणि सातशे किलोमीटर लांब, याची तिला धास्ती वाटायची. पण मला नागपूर पाठ होतं. पुण्यात मला माझ्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचाच नकाशा मिळाला असता.

त्याच सुमारास शेजारच्या निशाने सांगितलं की धरमपेठेत एका ट्रस्टतर्फे दृष्टिहीनांसाठी उन्हाळी वर्ग आहे. बोलणारा फोन वापरायला शिकवतात, काठीने चालायला शिकवतात. दीड महिना, आठवड्यातून तीन दिवस. मी मृणालला म्हटलं, "एवढा वर्ग करून बघते. नाही जमलं तर जूनमध्ये मी स्वतः तुला बॅग भरायला सांगीन." ती म्हणाली, "ठीक आहे. पण गाड्या मी बुक करीन."

म्हणजे पुण्यात बसून ती तिच्या फोनवर माझ्यासाठी नागपुरात गाडी बोलावणार. गाडीचा ठिपका तिला नकाशावर दिसणार, आणि मी फाटकापाशी जाऊन उभी राहणार.

पहिल्या दिवशी मी सकाळी सव्वानऊला फाटकापाशी उभी राहिले. सुती साडी, हातात पर्स, आणि पर्समध्ये घडी केलेली पांढरी काठी. ती काठी मला निशाने आणून दिली होती. बाहेर काढायची माझी हिंमत नव्हती. आमच्या सोसायटीत सगळ्यांना माझं माहीत होतं, पण रस्त्याला माहीत नव्हतं, आणि रस्त्याला कळू नये असं मला वाटत होतं. मी कान लावून इंजिनाची वाट बघत राहिले. एक रिक्षा गेली. एक स्कूल बस गेली. कोपऱ्यावरच्या निंबाला मोहर आला होता, त्याचा कडूगोड वास येत होता. दहा मिनिटं गेली, मग फोन वाजला.

"आई, कुठे आहेस तू?" मृणाल विचारत होती.

"फाटकापाशीच आहे. गाडी आली नाही अजून."

"अगं, येऊन पाच मिनिटं थांबून गेली. तुझ्या फाटकासमोरच उभी होती. मी मीटिंगमध्ये होते, त्याचा फोन माझ्याकडून घेतला गेला नाही. त्यानं कॅन्सल केली."

मला खरं वाटेना. माझ्यासमोर एक आख्खी गाडी येऊन थांबली, उभी राहिली आणि निघून गेली, आणि मला पत्ता लागला नाही? नंतर मृणालने बघून सांगितलं, ती इलेक्ट्रिक गाडी होती. त्या ड्रायव्हरला दिसली असेल एक बाई, नीट साडी नेसलेली, थेट त्याच्या गाडीकडे तोंड करून उभी, आणि तरी बसत नाही. त्याचा काय दोष?

मी वर आले. पर्स टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायले आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. डोळे गेले तेव्हा मी इतकी रडले नव्हते, कारण कान होते ना. त्या दिवशी वाटलं, आता कानांनीही साथ सोडली.

संध्याकाळी मृणाल हळू आवाजात म्हणाली, "आई, म्हणूनच म्हणते गं." आणि मग, "बरं, यापुढे पेट्रोलचीच गाडी बघीन. ती इलेक्ट्रिक नकोच."

पण तिसऱ्या दिवशी सकाळी जवळपास दुसरी गाडीच नव्हती. मृणालने या वेळी माझा नंबर ड्रायव्हरला दिला. मी फाटकापाशी उभी होते. फोन वाजला आणि गंमत अशी झाली की तोच आवाज मला फोनमधूनही आला आणि समोरूनही आला.

"मॅडम, मी केव्हाचा उभा आहो इथं. तुमच्या पुढेच तं आहे गाडी."

मी तशीच उभी.

दार उघडल्याचा आवाज झाला. तो माणूस उतरून जवळ आला. "मले वाटलं, तुम्ही कोणाची वाट पाहून राहिल्या. कोणी येऊन राहिलं का अजून?"

तीन शब्द होते. ते मी डॉक्टरांना, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना कधीच म्हटले नव्हते, कारण त्यांना आधीच ठाऊक होतं. अनोळखी माणसाला ते पहिल्यांदा म्हणायला मला किती वेळ लागला कोण जाणे. "मला दिसत नाही," मी म्हटलं.

तो अजिबात दचकला नाही. "असं होय," तो म्हणाला. "मंग माहंच चुकलं. मी नुसता उभा राहिलो. अन् हिचा आवाज येत नाही ना बापा." मग त्याने दाराच्या कडेवर बोटांनी टकटक केलं, मला दार कुठे आहे ते कळावं म्हणून. मी त्या टकटकीच्या दिशेने हात पुढे केला. गाडीचा पत्रा उन्हाने तापला होता, आणि आतून गार हवा येत होती. बसल्यावर मी पर्समधून काठी काढली आणि मांडीवर ठेवली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

त्याचं नाव दिवाकर. मूळचा रामटेककडचा, तिकडे वडिलांची धानाची शेती. नागपुरात बायको आणि मुलीसह खोली घेऊन राहत होता. आधी आठ वर्षं डिझेलची गाडी चालवली, आता कंपनीने ही दिली होती. मी शिक्षिका होते असं कळल्यावर त्याने "मॅडम" सोडलं आणि "बाई" धरलं, ते आजतागायत.

मी त्याला मोकळेपणाने सांगितलं की मला ही गाडी नको होती. तो हसला. "तुमी एकल्याच नाही बाई. लय लोकाले नको वाटते."

"का?"

"म्हणते, रस्त्यात बंद पडली तं? मी म्हणतो, बंद तं जुनीही पडते. सदर भागातले एक काका आहे. बसायच्या आधी विचारते, किती टक्के आहे. मी सांगतो शहाऐंशी, मंग बसते. अन् उतरेपर्यंत माह्या खांद्यावरून त्या आकड्याकडे पाहून राहते. रस्ता पाहतच नाही. एक आजोबा होते. बसले, गाडी निघाली, चौक मागं गेला, अन् मले म्हणते, अरे बापू, चालू कर ना आता."

मी हसले. त्या सहा महिन्यांत मी घराबाहेर पहिल्यांदा हसले असेन.

"अन् जे बसते ते मंग हेच मागते," तो सांगत होता. "कॉलेजच्या पोरी म्हणते, तुमी एसी बंद करत नाही, म्हणून तुमचीच बुक करतो. डिझेलवाले करते ना बंद, ॲव्हरेज पडते म्हणून. एक मावशी आहे, तिले डिझेलच्या वासानं मळमळे. बारा वर्षं लग्नाकार्याले गेली नाही कुठं. आता जाते." मग त्याने विचारलं, "अन् तुमाले काय पाहिजे बाई?"

प्रश्न साधा होता. पण मी उत्तर शोधत राहिले. बाई म्हणून आपल्याला आयुष्यात पसंती विचारली जाते, निदान साडीची, भाजीची. डोळे गेल्यावर लोक माझ्या सोयीची चौकशी करू लागले. जेवणाची सोय, औषधाची सोय, सोबतीची सोय. सगळे प्रेमाने करायचे. पण सोय दुसरा ठरवतो आणि पसंती आपली असते. मला काय पाहिजे हे मला कोणी बऱ्याच दिवसांत विचारलंच नव्हतं, आणि न विचारल्यामुळे मीही विसरले होते.

"मला आवाज पाहिजे," मी म्हटलं. "गाडी आली हे मला कळलं पाहिजे."

पुढच्या खेपेपासून त्याने एक युक्ती काढली. फाटकापाशी थांबला की माझ्याकडची काच खाली करायचा आणि चारही इंडिकेटर लावायचा. आतला तो टकटक आवाज उघड्या काचेतून बाहेर येतो, हे त्याच्याही आधी कधी लक्षात आलं नव्हतं. हॉर्न वाजवावा तर पाचजण गॅलरीत येतात. या टकटकीनं कोणाची झोप मोडत नव्हती, फक्त मला कळत होतं. दुसरे ड्रायव्हर आले की मी त्यांनाही फोनवर तेच सांगू लागले. कोणी "हो काकू" म्हणे, एखादा कुरकुर करी. पण करत सगळे.

आणि आतून? आतून ती गाडी म्हणजे मला मिळालेलं एक नवंच शहर होतं. इंजिनाची घरघर नाही, गिअरचे झटके नाहीत. काच बोटभर खाली केली की सगळं ऐकू येई. सोमलवाड्याच्या अलीकडे रस्ता खडबडीत होता, तिथे टायरांचा सूर बदलायचा. वर्धा रोडला लागलो की डोक्यावरून मेट्रो जायची, लांबून ओढत आणलेल्या रेशमी कापडासारखी. अजनी चौकात उसाच्या रसवंतीचे घुंगरू. लक्ष्मीनगरात एका ठराविक ठिकाणी सावली यायची, उजेड डोळ्यांपुढे एकदम विझायचा आणि कोकिळा ओरडायची. तिथे मोठी झाडं आहेत हे मला आठवत होतं. माझ्या डोक्यात जुना नकाशा होता, त्यावर एकेक नवी खूण चढत गेली. "आता बजाजनगर आलं ना?" मी विचारायची. दिवाकर म्हणायचा, "तुमाले दिसून राहिलं का बाई? खरं सांगा."

परवा खालच्या मजल्यावरची ऋचा वर आली होती. इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजचा प्रकल्प म्हणून इलेक्ट्रिक टॅक्सीच्या प्रवाशांची पसंती विचारत हिंडत होती. तिने पर्याय वाचून दाखवले. भाडं, गारवा, प्रदूषण नाही, आराम, इतर. मी म्हटलं, इतर. "त्यात काय लिहू काकू?" मी सांगितलं, "गाडी आतून शांत असावी आणि बाहेरून आवाज करणारी असावी." तिच्या बोटांची टकटक थांबली. "काकू, हे उलटं नाही का?" मी म्हटलं, "उलटंच आहे. लिही." तिने लिहिलं. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, आता नीट सांगा. मी तिला सांगितलं ते असं.

वर्ग मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपणार होता. शेवटच्या दिवशी आमची एक परीक्षा होती. बोलणाऱ्या फोनवर प्रत्येकाने स्वतः गाडी बुक करायची, एकट्याने वर्गाला यायचं आणि एकट्याने घरी जायचं. आयुष्यभर मी मुलींच्या परीक्षा घेतल्या. माझी शेवटची परीक्षा होऊन चाळीस वर्षं झाली होती. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जाताना सगळं नीट झालं. येताना दुपारी दीड वाजता मी फोनवर गाडी मागवली आणि नेमका दिवाकरच आला. मला आनंद झाला. पण बसल्यावर लक्षात आलं, तो बोलत नव्हता.

शंकरनगर गेलं तरी तो गप्पच. मग आतल्या यंत्राने एक बारीक टिणटिण केली.

"दिवाकर, काय झालं?"

"काही नाही बाई."

पुन्हा टिणटिण झाली. एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला "काही नाही" कसं ओळखायचं हे सांगावं लागत नाही. "किती टक्के आहे?" मी विचारलं.

"अकरा," तो म्हणाला. आणि मग सगळं बाहेर आलं. सकाळी चार्जिंगला गेला तर तिथे लांब रांग होती. नंबर लागायच्या आत माझी मागणी त्याच्या फोनवर आली. माझी परीक्षा आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून रांग सोडून आला. एरवी अकरा टक्क्यांत मनीषनगर सहज झालं असतं. पण बाहेर अंगार पडत होता, एसी पूर्ण जोरात होता, आणि आकडा भराभर उतरत होता.

"एसी बंद करा," मी म्हटलं.

"ऊन कसं आहे पाहा ना बाई. तुमाले त्रास होईल. मी दुसरी गाडी करून देतो."

"एसी बंद करा आणि काचा खाली घ्या. वर्धा रोडला लागलात की पुलावर चढू नका, खालून चला. चढ वाचेल आणि सावलीही आहे. त्या बाजूला चार्जिंग कुठे आहे?"

"छत्रपती चौकाच्या अलीकडं एका लग्नाच्या हॉलमंधी नवीन लागलं आहे. चालू आहे का नाही, माहीत नाही."

"फोन करून विचारा."

त्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं. चालू होतं. आम्ही निघालो. काचा उघड्या, लू तोंडावर येत होती, भट्टीचं दार उघडावं तशी. मी पदर डोक्यावरून घेतला. पुलाखाली शिरलो तशी उजेडाची धार बोथट झाली. दर थोड्या वेळाने तो आकडा सांगत होता. आठ. सात. कोणाला खोटं वाटेल, पण मी घाबरले नव्हते. तो घाबरला होता. चार टक्क्यांवर आम्ही हॉलच्या आवारात वळलो.

चार्जरची तार लागल्याचा खटका ऐकू आल्यावर मी म्हटलं, "दिवाकर, हे तुम्ही मला बसायच्या आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तं तुमी बसल्या नसत्या."

"बसले असते. पण ठरवून बसले असते."

तो हळूच म्हणाला, "चुकलं बाई." आणि मी ते तिथेच सोडलं.

हॉलमध्ये लग्न होतं. सनई संपून पंगती चालू होत्या, बुंदीचा आणि उदबत्त्यांचा वास येत होता. मंडपाच्या सावलीत आम्हाला दोन खुर्च्या मिळाल्या. एक बाई आली, बांगड्या किणकिणत. "तुम्ही नवरीकडच्या का नवऱ्याकडच्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, "चार्जिंगकडच्या." ती मोठ्याने हसली आणि दोन गिलास मठ्ठा पाठवून दिला.

तिथे बसून मी दिवाकरला विचारलं, "लोक इतकी शंका घेतात, तरी तुम्हाला हीच गाडी का आवडते?" तो म्हणाला, "जुन्या गाडीचं इंजीन घरी गेल्यावरही कानात वाजत राहे बाई. पोरगी धडा वाचून दाखवे, मले निम्मा ऐकू येई, मी नुसती मान हलवू. आता सगळा ऐकू येते. चुकली तं चुकी काढतो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मृणाल. मी तिला प्रवासाचा माग पाठवलेला होता, वर्गात तसं शिकवलं होतं.

"आई, तुझी गाडी थांबलीय. पंधरा मिनिटं झाली. काय झालं? कुठे आहेस?"

हा क्षण मला नीट आठवतो. मी सहज म्हणू शकले असते, सिग्नलला आहे गं. दीड महिन्याची माझी सगळी मेहनत त्या एका उत्तरावर होती असं मला वाटलं. पण आत्ताच मी दिवाकरला काय सुनावलं होतं?

"गाडीचं चार्जिंग संपत आलं होतं," मी म्हटलं. "छत्रपती चौकाजवळ एका लग्नाच्या हॉलमध्ये बसलोय. अजून अर्धा तास लागेल."

"उन्हात?"

"सावलीत. मठ्ठा पितेय."

मग ती म्हणाली, "मी दुसरी गाडी पाठवते. आत्ता पाठवते."

"नको. पाहिजे असती तर मीच बोलावली असती. आता मला येतं."

"आई, तो ठिपका हलला नाही आणि मला काय काय वाटलं तुला माहीत नाही." ती म्हणाली. "बाबांच्या वेळी मी अशीच लांब होते."

मला वाटायचं, तिला माझ्या आंधळेपणाची भीती वाटते. तिला लांब असण्याची भीती होती. सहा महिने आम्ही दोघी दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडत होतो.

"मृणाल," मी म्हटलं, "ठिपका हलत नाही तेव्हा मी कुठेतरी बसलेली असते. एवढंच समज. आणि काही झालं तर मी लपवणार नाही. आज लपवलं का?"

"नाही," ती म्हणाली. नाक ओढलं. "मठ्ठा कसा आहे?"

"आलं जास्त झालंय."

मेच्या शेवटी ती आली. सोबत रिकामी मोठी बॅग होती, माझे कपडे न्यायला. ती तिने कपाटाजवळ ठेवली आणि तिच्याबद्दल दोघीही बोललो नाही. आठ दिवस राहिली. रोज मला कुठे ना कुठे घेऊन जायचं म्हणाली आणि रोज मीच तिला घेऊन गेले. माझ्या जुन्या शाळेत गेलो, सीताबर्डीला सुती साड्या घेतल्या, फुटाळ्याला वारा खाल्ला. पहिले दोन दिवस ती माझा दंड घट्ट धरायची. तिसऱ्या दिवशी दुकानात मीच तिचा हात सोडवला आणि तिच्या कोपराला धरलं. "असं चालायचं असतं," मी सांगितलं. "तू पुढे, मी अर्धं पाऊल मागे. ओढायचं नाही." तिनं ऐकलं. सातव्या दिवशी हात लावून बघते तर त्या मोठ्या बॅगेत कुरड्या, कैरीचं लोणचं, सांडगे आणि माझ्या दोन जुन्या साड्या भरत होती. साड्या कशाला, मी विचारलं. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

तिची परतीची गाडी सकाळची होती. मी म्हटलं, स्टेशनवर सोडायला येते. ती काही तरी बोलणार होती, पण थांबली. "ये," म्हणाली.

स्टेशनच्या दाराशी हमालांची हाक, बॅगांची चाकं, चहाच्या कपांचा खळखळाट. तिला माझी परतीची टॅक्सी येईपर्यंत थांबायचं होतं. मी म्हटलं, तुझी सुटेल, जा. ती वाकली, पाया पडली, मग मला मिठी मारून बराच वेळ तशीच राहिली. तिच्या बॅगेची चाकं गर्दीत दूर गेली, फरशीवरून गेली, आणि इतर चाकांमध्ये मिसळली.

दिवाकर त्या आठवड्यात गावी होता, धानाच्या पेरणीची तयारी चालू होती. आलेला ड्रायव्हर अनोळखी होता, आवाजावरून विशीतला वाटला. मी सांगितलं तसं त्याने जवळ येऊन हाक मारली, दार टकटकवलं. मी बसले, काठीची घडी केली. बाहेर ऊन अजून कोवळं होतं, काचेतून हातावर पडत होतं. तो पुढे बसला, पण गाडी हलवेना. मागे वळून बघत असावा.

"काकू, सोबत कोणी आहे ना तुमच्या?" त्याने विचारलं. "थांबू का? कोणी यायचं आहे अजून?"

"नाही," मी म्हटलं. "मी आले, म्हणजे सगळे आले. मनीषनगरला घ्या."